लाभ नाही, एक

नऊ ते नऊच होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी रणपिसेताईंबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि ते वाचून कुणाला वाटेल की माझी तक्रार मिटली. मिटलेली नाही. मेलेले उंदीर नऊ होते, मी नऊच मोजले होते, आणि तरी वहीत ‘मोजणीत चूक’ या शब्दांपुढं माझं नाव आहे. निळ्या शाईत, ताईंच्या गोल, सुट्या अक्षरात.

वत्सलाताई रणपिसे आमच्या प्राणीगृहाच्या प्रमुख होत्या. शिरूर तालुक्यात, सणसवाडीच्या अंगाला, लसी तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिचं नाव लिहीत नाही. माझा माल अजून तिथं जातो. लस माणसाला टोचण्याआधी तिथं ती उंदरांवर आणि सशांवर तपासतात. त्या जनावरांना खायला-प्यायला घालायचं, पिंजरे बदलायचे, आजारी कोण, मेलं कोण ते बघायचं आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्यांची मोजणी करायची, एवढ्यासाठी सात माणसं होती. कागदावर आमचे वरचे म्हणजे डॉक्टर, पशुवैद्य. पण डॉक्टर दारात आले तर आम्ही नमस्कार करायचो, आणि ताई दारात आल्या तर हातातलं काम पुन्हा एकदा तपासायचो.

ताई दौंडच्या. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. ठेंगण्या, जाड चष्मा, घट्ट अंबाडा. अंबाड्यात फूल कधी नाही, कारण वासानं ससे बिचकतात. मी वडगाव रासाईचा. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, वडिलांपासून ऊस. मुलाखतीला गेलो तेव्हा ताई एकट्याच बसल्या होत्या. नाव-गाव विचारलं नाही, ते कागदावर होतंच. विचारलं,

“कशाला घाबरतोस?”

“कशालाच न्हाई.”

“सापाला?”

“चार मारलेत.”

“मग तुझं इथं काम नाही. पुढच्याला पाठव.”

मला राग यायला वेळ लागत नाही. ताडकन उठलो, दारापर्यंत गेलो आणि तिथं वळलो. सौदा तुटला तरी दारापर्यंत जाऊन एकदा वळायचं, हे मी बाजारात आजोबांच्या मागं उभा राहून शिकलो होतो.

“ताई, एक राहिलं. नोकरी न मिळता घरी जायला घाबरतो. वडलांना.”

त्यांनी चष्मा वर केला. “किती?”

“लई.”

“बस.”

पुढं कळलं की हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या, आणि भीत नाही म्हणणाऱ्याला घ्यायच्या नाहीत. त्याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. आप्पा दौंडच्या यार्डात पॉइंट्समन, गाडी या रुळावरून त्या रुळावर घालणारे. रोज रुळांत उतरताना त्यांच्या पोटात भीतीचा गोळा यायचा. एका सकाळी आला नाही. “त्याच दिवशी पाय गेला,” ताई सांगायच्या. त्यांच्या आवाजात रडं नसायचं, गाडीची वेळ सांगावी तसं सांगायच्या. आप्पांनी कुबडीवर बसून पोरीला एकच शिकवलं होतं. गोळा आला नाही तर कामाला हात लावू नये, घरी यावं.

म्हणून रोज सकाळी आम्ही गाऊन चढवत असलो की ताई रांगेवरून फिरायच्या. “गोळा आला का?”

“आला, ताई.”

“आ गया, दीदी.”

एक नवी बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, “न्हाई ओ, मी चहा-चपाती खाऊन आले.” सगळे हसले, ताई हसल्या नाहीत. त्या बाईला त्यांनी तो दिवसभर फक्त बाहेरच्या बाटल्या धुवायला लावलं.

रेल्वे त्यांच्या अंगात मुरलेली होती. हुकूम दिला की तो आपण मोठ्यानं परत म्हणायचा. “पाच नंबर, पाणी.” “पाच नंबर, पाणी.” नुसती मान हलवली तर त्या तिथंच उभ्या. प्रत्येक रांगेतल्या शेवटच्या पिंजऱ्याला त्यांनी लाल पट्टी बांधली होती. तिला त्या एलव्ही म्हणायच्या. गाडीच्या शेवटच्या डब्यामागं ही अक्षरं लिहिलेली पाटी असते. ती दिसली की अख्खी गाडी गेली, मागं रुळावर डबा राहिला नाही, असं समजायचं. “शेवटचा डबा दिसल्याशिवाय गाडी गेली म्हणू नये,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना मीच ते म्हणालो.

पाण्याच्या बाटलीवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. बाटली भरलेली दिसते, पण नळीत हवा अडकली तर आतल्या उंदराला थेंबही मिळत नाही, आणि दोन दिवसांत तो भरल्या बाटलीखाली मरतो. म्हणून प्रत्येक नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का ते बघायचं. शेकडो नळ्या, रोज. “दिसतं म्हणून मिळतं असं नसतं,” म्हणायच्या. मेलेल्या जनावरालाही ज्यानं पाणी दिलं त्यानंच उचलायचं, आणि तोंड फिरवून उचलायचं नाही. कुणाला त्या ‘हे माणसांसाठी मरतात’ वगैरे सांगत बसल्या नाहीत. फक्त तोंड फिरवू द्यायच्या नाहीत.

आणि हात. संध्याकाळी बाहेर पडताना एकेकानं दिव्याखाली उभं राहून दोन्ही हात पुढं करायचे. ताई एकेक बोट धरून उलटसुलट बघायच्या, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. ओरखडा दिसला की वहीत नोंद आणि डॉक्टरांकडं. आमच्यातला एकजण एकदा म्हणाला, “ताई, बायकोनंबी माझं हात एवढं बघितलं न्हाईत.”

“बघितले असते तर तिला कळलं असतं तू घरी एक भांडं घासत नाहीस. दुसरा हात.”

आता सात नंबरच्या खोलीचं सांगतो. तिथं रेबीजच्या लशीची तपासणी चालायची. उंदरांना आधी लस देतात आणि नंतर खरा रोग टोचतात. लस चांगली असली तर ते जगतात. काही मरतातच. आम्हा सगळ्यांना लस टोचलेली होती, वर्षाला रक्त तपासलं जायचं, तरी त्या खोलीच्या दाराशी माझा गोळा नेहमीपेक्षा मोठा असायचा. रेबीज झालेला माणूस मी लहानपणी वाडीवर पाहिलेला आहे. त्याविषयी जास्त लिहीत नाही. पाण्याचा तांब्या बघून तो जसा ओरडला होता ते मला आजही ऐकू येतं.

मोजणीची पद्धत ताईंचीच. एकानं जनावराला बोट लावून मोठ्यानं आकडा म्हणायचा. दुसऱ्यानं वही घेऊन प्रत्येक आकड्याला एक उभी रेघ मारायची. शेवटी तोंडातला आकडा आणि वहीतल्या रेघा जुळल्या की वहीवाल्यानं हात वर करायचा. स्टेशनात झेंडा दाखवतात तसा. तो हात वर झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

त्या दिवशी दुपारी चारला आत तिघं होतो. मी मोजणारा, रामसजन वहीवर, आणि ताई पलीकडच्या रांगेत बाटल्यांना बोट लावत. रामसजन बिहारचा. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला लागून भाड्याच्या खोल्या आहेत, त्यातल्या एकीत तो, त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी राहायची. मराठी आकडे त्याला शंभरापर्यंत पाठ होते. मला घाई होती. न्हावऱ्याला एक म्हैस बघून ठेवली होती, तिचा मालक पाचपर्यंत थांबतो म्हणाला होता आणि दुसरं गिऱ्हाईक दावं धरून उभं होतं.

मेलेले उंदीर एकेक उचलून मी मोजत पिशवीत टाकले. नऊ म्हणालो. गाठ मारली, पिशवी भट्टीत ठेवली, दार आवळलं आणि बटण दाबलं. ही भट्टी म्हणजे वाफेवर रोगजंतू मारायचं लोखंडी यंत्र. एकदा चालू झालं की दोन तास उघडत नाही. मग मागं वळलो. रामसजनचा हात वर नव्हता.

“भैया, आठ हैं.”

“नऊ म्हणालो मी. ऐकू येतंय का?”

“नौ बोला आपने. पर लकीर आठ है.”

“मग एक मारायची राहिली तुझी.”

“हम छोड़ते नहीं, भैया.”

ताई आल्या. वही बघितली. भट्टीवरचा लाल दिवा बघितला. मग माझ्याकडं बघून हळू विचारलं, “हात वर झाला होता?”

“न्हाई.”

त्या दाराकडं गेल्या आणि कुलूप आतून लावलं.

पिंजऱ्यातले जिवंत उंदीर त्यांनी स्वतः दोनदा मोजले. सकाळी चाळीस होते, आता एकतीस. म्हणजे पिंजऱ्यांतून नऊ कमी झाले होते. पिशवीत नऊ असले तर सगळं ठीक. आठ असले तर एक मोकळा होता. रेबीजचे उंदीर शेवटी लुळे पडतात, एखादा मेल्यासारखा निपचित होतो आणि परत हलतो. तसा एखादा माझ्या हातून घसरून गेला असेल तर तो याच खोलीत होता, किंवा आता नव्हता. आणि पिशवी दोन तासांशिवाय उघडणार नव्हती, कारण बटण दाबलेलं होतं.

“आकडे दोन झाले की वाईट तो खरा धरायचा,” ताई म्हणाल्या. “एक बाहेर आहे.”

भिंतीवरचा फोन घेऊन त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. सात नंबर बंद केलंय, एक उंदीर मोकळा धरा, मागच्या खोल्यांतली पोरं घरात घ्यायला सांगा, कुणी गटाराजवळ जाऊ नये. रामसजन ऐकत होता.

“दीदी, गुड़िया वहीं खेलती है. नाली पर.”

“म्हणून तर फोन केला. रडायचं असेल तर मुखवट्याच्या आत रड. मुखवटा काढायचा नाही.”

मग त्यांनी वही उघडली. मला वाटलं माझं नाव आता पडणार. त्यांनी लिहिलं, ‘चार वीस. दार बंद. तिघांनाही भीती वाटत आहे.’ लिहिताना पेन थरथरत होतं, आणि ते थरथरणं त्यांनी लपवलं नाही. उलट वही आमच्याकडं वळवून म्हणाल्या, “बरोबर आहे ना? कुणाला वाटत नसेल तर सांगा, खोडते.”

“राहू द्या, ताई,” मी म्हणालो. मुखवट्यात माझा श्वास मलाच गरम लागत होता.

उंदीर भिंत सोडून चालत नाही, म्हणून एकेकाला एकेक भिंत दिली. ओणवं होऊन, बॅटरी घेऊन, बोटभर बोटभर. रांगेच्या मागं माझ्या उजेडात काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं. मी बॅटरी तिथंच रोखून ताईंना हाक मारली.  कापसाचा बोळा होता. ताईंनी तो चिमट्यानं उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि डबीत ठेवला.

काही सापडलं नाही. मग त्यांनी हातमोज्यांत घालायची पावडर सगळ्या फरशीवर भुरभुरली, मोरीच्या जाळीभोवती जाड. उंदीर चालला तर पाय उमटतील. आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत स्टुलांवर उभे राहिलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. पिंजऱ्यांतले एकतीस खुडबुडत होते आणि प्रत्येक खुडबुड मोकळ्या उंदराची वाटत होती. पावडर मात्र तशीच, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी. त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाय उमटले नाहीत म्हणजे उंदीर नाही, असंही होतं, किंवा तो आधीच गटारात गेला, असंही होतं. रामसजन सगळा वेळ मोरीच्या जाळीकडं बघत होता. माझ्या डोक्यात म्हैस नव्हती, घर नव्हतं. मी पुन्हा पुन्हा मनात उंदीर उचलत होतो आणि प्रत्येक वेळी नऊच येत होते, पण प्रत्येक वेळी नववा जरा हलत होता.

सहा वाजून गेल्यावर भट्टीचा दिवा हिरवा झाला. तिचं दुसरं दार पलीकडच्या खोलीत उघडतं. मधे जाड काच. डॉक्टरांनी पिशवी काढली, परातीत ओतली. आम्ही त्यांची पाठ बघत होतो. फोन घ्यायचा तर त्यांना हातमोजे काढावे लागले असते, म्हणून ते काचेशी आले आणि त्यांनी दोन्ही पंजे वर धरले. एक करंगळी मिटलेली.

रामसजन स्टुलावरून खाली बसला. मी उडी मारणार होतो, तेवढ्यात ताईंनी काचेवर टकटक करून बोटानं खूण केली. परत. एकेक दाखवून. डॉक्टर वैतागले असतील, पण त्यांनी एकेक उंदीर चिमट्यानं उचलून काचेसमोर धरला. नऊ.

‘नऊ. सर्व आत. दार उघडले.’ ताईंनी लिहिलं, आणि मगच किल्ली काढली.

बाहेर आल्यावर हात तपासून झाले तसा मी पेटलो. “मी सांगत होतो. नऊ ते नऊच. ह्याची रेघ चुकली. लिहा त्याचं नाव.”

ताईंनी टेबलावर बाटल्यांची बुचं ओतली. “मोज. आत मोजलंस तसं.”

मी बोट लावत सुरू केलं. “लाभ, दोन, तीन…”

“यही!” रामसजन मधेच म्हणाला. “यही बोले थे. हमको लगा लॅब का नाम ले रहे हैं.”

मी थांबलो. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. दुसऱ्यापासून दोन, तीन. एक म्हटलं तर रास एकावरच थांबेल अशी भीती. आजोबा मेंढरंही तशीच मोजायचे. सहा वर्षं मी प्रयोगशाळेत न चुकता एक म्हणत आलो होतो. त्या दिवशी मन म्हशीत होतं आणि जीभ घरी गेली. रामसजननं ‘लाभ’ला रेघ मारली नाही, ‘दोन’ला पहिली मारली.

ताई रेल्वे कॉलनीतल्या, त्यांना रास माहीत नव्हती. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग लिहिलं, ‘पहिला प्राणी लाभ म्हणून मोजला. वहीवाल्यास आकडा कळला नाही. मोजणीत चूक: भा. शेंडगे.’

“चूक कशी? आकडा बरोबर आला ना?”

“ऐकणाऱ्याला कळला नाही तो आकडा म्हटलाच नाही.”

“मग ‘बोलण्यात फरक’ लिहा.”

“नाही.”

“‘भाषेचा घोटाळा’ लिहा. त्येवढं तरी.”

“भानुदास, ही म्हैस नाही.”

म्हशीचं त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. त्या एका वाक्यानं माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. पुढच्या महिन्यात सात नंबरचा मुख्य नेमायचा होता. माझा नंबर होता. रामसजनला केलं. मी त्याच दुपारी राजीनामा ताईंच्या टेबलावर टाकला. त्यांनी तो वाचला, वहीत नोंदला आणि म्हणाल्या, “हात दाखव.” मी हात न दाखवता निघून आलो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

पण मी बसून राहणारा नाही. उंदरांच्या पिंजऱ्यात खाली काय अंथरतात हे मला माहीत होतं. मक्याच्या कणसातले दाणे काढल्यावर जी बुरकुंडं उरतात ती दळून, चाळून, वाळवून. आमच्या भागात बुरकुंडं लोक जाळतात. मी ती गोळा केली, चक्की बसवली, आणि दोन वर्षांत त्याच प्रयोगशाळेच्या फाटकाशी माझा टेम्पो उभा केला. मनात होतं, आता ताईंनी माझ्याशी तुम्ही म्हणून बोलावं.

ताई फाटकाशी आल्या, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ नाकाशी धरली. “खालची काढ.”

“ताई, वरची बघितली ना? सगळा एकच माल हाय.”

“दिसतं म्हणून असतं का? खालची.”

खालची चार पोती जुनी होती, जराशी दमट. मला माहीत होतं. त्या ओलीला बुरशी येते आणि बुरशीनं उंदीर मरतात, हेही माहीत होतं. मी फाटकाशी उभा राहून ओरडलो. पहारेकरी बाहेर आले. ताई शांतपणे म्हणाल्या, “ओरड. पण आधी टेम्पो वळव, मागं गाडी थांबलीय.”

अख्खा टेम्पो परत. पुढच्या वेळी मी दमट पोतं आणलं नाही. कुठंच नाही.

त्या निवृत्त झाल्यानंतर एकदा माल उतरवताना रामसजन चहाला घेऊन गेला. आता तो ताईंच्या जागी आहे. मी सवयीनं जुनं उगाळलं. नऊ ते नऊच होते वगैरे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “भैया, दीदी ने वो नहीं लिखा जो आपने किया. वो लिखा जो आपने बोला.”

मला कळायला वेळ लागला. हात वर होण्याआधी मी बटण दाबलं होतं. ते वहीत कुठंच नाही. ते लिहिलं असतं तर त्याच संध्याकाळी मला फाटकाबाहेर काढलं असतं, आणि पुन्हा त्या फाटकातून टेम्पोसुद्धा आत गेला नसता.

“मग मला सांगायचं व्हतं,” मी म्हणालो. “विचारून केलं असतं तर मी मान्य केलं असतं.”

“आप मानते?”

मी चहा संपवला. मला न विचारता कुणी माझ्यावर उपकार करावा, हे मला आजही पटत नाही. सौद्यात दोन्ही बाजूंनी बोलायचं असतं.

उठताना आतल्या खोलीतून मोजणीचा आवाज आला. कुणी नवी मुलगी होती, ओडिशाची की झारखंडची. “लाभ नाही, एक. दोन. तीन.” रामसजननं डोळ्यानंच मला गप्प राहायला सांगितलं. ताईंनी नियम केला होता की प्रत्येक मोजणी या तीन शब्दांनी सुरू करायची. का, ते आता तिथं रामसजन सोडून कुणालाच माहीत नाही. ती पोरगी ते स्तोत्रासारखं म्हणत होती.

गेल्या उन्हाळ्यात चक्कीचं बेअरिंग आणायला दौंडला गेलो होतो. काम झालं, स्टेशनात पाण्याची बाटली घ्यायला शिरलो, तर बाकावर ताई. लेकीकडं सोलापूरला निघाल्या होत्या. अंबाडा पांढरा, चष्मा आणखी जाड. नाव सांगितल्यावर ओळखलं, आणि पहिलं वाक्य, “हात दाखव.”

मी उजवा पुढं केला. त्यांनी तो जवळ, जवळजवळ नाकाशी धरला. एकेक बोट चाचपत म्हणाल्या, “लाभ नाही, एक. दोन. तीन. चार. पाच. दुसरा.”

दुसरा मी खिशात घातला होता. का घातला ते सांगता येणार नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, सोळा जणांना पोसतो, आणि त्या बाकासमोर माझ्या पोटात गोळा आला.

“दुसरा, भानुदास.”

मी काढला. “सहा. सात. आठ. नऊ.” त्या थांबल्या. करंगळी अर्धीच आहे. त्यांचा अंगठा तिच्या टोकावरून दोनदा फिरला.

“हे कुठं नोंदवलंस?”

“कुठं न्हाई, ताई. माझीच चक्की हाय.”

“झालं कसं?”

“बुरकुंड अडकलं व्हतं. आत हात घालून काढत हुतो. हात भाईर यायच्या आधीच चालू कर म्हणलो. मीच.”

त्यांनी पंजा खाली घेतला. माझा हात त्यांच्या मांडीवर तसाच. 

“आयुष्यात एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही,” त्या म्हणाल्या. “आपला पोरगा आहे म्हणून. अजून मधेच जाग येते, पोटात गोळा घेऊन. वाटतं, लिहायला पाहिजे होतं.” मग करंगळी सोडून म्हणाल्या, “हे माझ्या नावावर घाल.”

मला म्हणायचं होतं की नाही, हे माझ्याच नावावर आहे. पण गाडी लागली होती. मी त्यांची पिशवी आत दिली, त्यांना खिडकीशी बसवलं. खिडकीतून त्यांनी विचारलं, “चक्कीवर आत्ता कोण आहे?”

“दोघं हायत.”

“हात वर करतात?”

गाडी हलली.  खिडकीच्या गजाला धरलेली त्यांची बोटं थोडा वेळ दिसली. मी निघालो नाही. एकेक डबा जाऊ दिला, शेवटचा आला, त्याच्या मागची एलव्हीची पाटी दिसली. मग फोन लावला.

“चक्की बंद कर. मी येईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई.”

“का ओ, मालक? काय झालं?”

“पोटात गोळा आलाय.”

“दवाखान्यात जाताय का मग?”

“न्हाई. तू आधी बंद कर. बंद केली म्हणून मोठ्यानं सांग मला.”